आधी पाणी, मग खोली: हनुवंतियाचा मुक्काम आखताना

इंदूरला तलावांची वाण नाही. सिरपूर आहे, बिलावली आहे, देपालपूरच्या बाजूला यशवंतसागर आहे. सिरपूर आणि यशवंतसागर या दोघांनाही २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान मिळाला, आणि थंडीत भल्या सकाळी दुर्बीण घेऊन गेलं की दिवस सार्थकी लागतो. पण पाण्याकाठी मुक्काम करायचा असेल, उठल्याबरोबर खोलीच्या दारातून पाणी दिसायला हवं असेल, मनात आलं की नावेत बसायचं असेल, तर इंदूरकराने विंध्याचा घाट उतरून नर्मदेकडेच जावं. आम्ही या हिवाळ्यात नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या काठी असलेल्या हनुवंतियाला जाऊन आलो. ते कसं ठरवलं, कोणाला काय विचारलं आणि काय टाळलं, ते सविस्तर लिहिते आहे. ठरवायला बसले तेव्हा मला सगळीकडे फोटो आणि दरपत्रकं मिळाली. म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असताना नेमकं काय बघायचं, ते कोणी सांगेना.

आमच्या घरात प्रत्येकाला वेगळं पाणी हवं होतं. पुण्याहून नणंद येणार होत्या, त्यांच्या मुलाला जेट स्की आणि पॅरासेलिंग याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्या लेकीला पक्षी बघायचे होते. धाकट्याला नावेत बसायचं होतं, कुठलीही चालेल. नवऱ्याला झोप हवी होती. आणि सासूबाईंना नर्मदा हवी होती. त्यांचं लहानपण हरसूदला गेलेलं, वडील तिथे शाळेत मास्तर. हरसूद २००४ मध्ये इंदिरा सागराच्या पाण्याखाली गेलं. आई त्या बाजूला त्यानंतर कधीच गेल्या नव्हत्या. त्यांनी तोंडाने काही मागितलं नाही, पण हनुवंतियाचं नाव निघालं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तिथून आमची बाजू दिसत असेल का गं?"

खरं तर पर्याय बरेच होते. चोरल अगदी जवळ, घाटाच्या अलीकडे-पलीकडे म्हणावं इतकं. पण ते सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचं ठिकाण, निदान आमच्यासाठी तरी. चंबळेवरचं गांधीसागर थोरलं धरण, १९६० मध्ये पूर्ण झालेलं, त्याचा पसारा बघण्यासारखा आहे. पण मंदसौर जिल्ह्यापर्यंतचा प्रवास आईंच्या गुडघ्यांना जड गेला असता. ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यावर सैलानी आहे, शांत आणि देखणं. हनुवंतिया खंडवा जिल्ह्यात, मूंदीच्या पुढे, इंदूरहून दीडशेच्या आसपास किलोमीटर. २०१६ मध्ये तिथे पहिला जलमहोत्सव झाला आणि तेव्हापासून इंदूरच्या लोकांना हे नाव माहीत झालं. भाच्याची जेट स्की आणि आईंचं हरसूद एकाच पाण्यावर होतं, म्हणून हनुवंतिया ठरलं.

इथपर्यंत सोपं होतं. आता खोली बघायची, असं सगळ्यांना वाटत होतं. मी म्हटलं, आधी पाणी बघू.

हे जरा खोलात जाऊन सांगते, कारण धरणाच्या काठावरच्या सगळ्या मुक्कामांना ते लागू आहे. नैसर्गिक सरोवराचा काठ बराचसा जागच्या जागी असतो. धरणाच्या जलाशयाचं तसं नसतं, त्याचं पाणी वीज आणि कालव्यांसाठी वर्षभर खर्च होत असतं. इंदिरा सागराची पूर्ण भरल्यावरची पातळी २६२.१३ मीटर, आणि वापरासाठी पाणी जास्तीत जास्त जिथपर्यंत उतरवता येतं ती पातळी २४३.२३ मीटर. म्हणजे जवळजवळ एकोणीस मीटरचा फरक. सहा मजली इमारतीएवढं पाणी वर-खाली होऊ शकतं. काठ उभा असेल तर पाणी नुसतं खाली जातं. पण काठ उतरता असला की एक मीटर पाणी उतरल्यावरही किनारा कितीतरी पावलं लांब सरकतो. ज्या खोलीच्या पायरीशी ऑक्टोबरमध्ये लाटा लागतात, त्याच खोलीपुढे मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाचं मैदान असू शकतं. आणि जाहिरातीच्या फोटोवर महिना लिहिलेला नसतो.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारला: आज पाणी कुठपर्यंत आहे? एका खासगी मुक्कामवाल्याने या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. "मैडम, लेक व्यू है," एवढंच तीनदा सांगितलं आणि सगळे पैसे आगाऊ, तेही स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर मागितले. मी आजच्या तारखेचा फोटो मागितला, तर जुनाच भरल्या पाण्याचा, हिरव्यागार डोंगरांचा फोटो परत आला. डिसेंबरात आपल्याकडचे डोंगर असे पोपटी नसतात. मी तिथेच थांबले. मध्य प्रदेश पर्यटनाच्या रिसॉर्टला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने विचारल्याबरोबर सांगितलं, "पानी अभी अच्छा है, घाट की सीढ़ियों पर है." मग बाकीचे प्रश्न सुचायला लागले.

ते प्रश्न मी कागदावर उतरवून घेतले होते. खोलीपर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का. पाश्चात्त्य पद्धतीचं शौचालय आहे का, आणि तिथे धरायला दांडा आहे का. गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळीच. जादा रजई मिळेल का, कारण पाण्याकाठी पहाटेची थंडी शहरातल्या थंडीपेक्षा बोचरी असते. तारीख बदलली तर किती पैसे परत. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का. पहिली नाव किती वाजता सुटते आणि शेवटची किती वाजता. वारा वाढून फेरी रद्द झाली तर तिकिटाचं काय. आमच्या मुक्कामात एकादशी येत होती, म्हणून फराळाचंही विचारलं. त्यावर तो मुलगा हसला आणि म्हणाला, इंदूरवाल्यांना साबुदाण्याची खिचडी मिळाली नाही असं कधी होईल का! ती खरोखर मिळाली, वर उपासाचा चिवडा भुरभुरलेली, आणि आईंनी ती वर दही घालून पोटभर खाल्ली.

तारखांचा निर्णय जास्त महत्त्वाचा निघाला. जलमहोत्सव हिवाळ्यातच असतो. त्या काळात तंबूंचं गाव उभं राहतं, पाण्यावरचे जास्तीचे खेळ येतात, गाणीबजावणी असते, आणि दरही चढतात. तरुण मंडळींचा गट असेल तर त्यांनी तेव्हाच जावं. आम्हाला विश्रांती हवी होती, म्हणून महोत्सवाच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांच्या बाहेरचे, तेही आठवड्याच्या मधले दिवस धरले. भाच्याला थोडं वाईट वाटलं. पण गर्दी नसल्यामुळे त्याला जेट स्कीसाठी रांगेत उभं राहावं लागलं नाही, आणि चालवणाऱ्या दादांनी त्याला निवांतपणे सगळं समजावून दिलं. गर्दीच्या दिवसांत एवढा वेळ कोण देतो?

प्रवासाबद्दल एकच सांगते: लवकर निघा. इंदूर–खंडवा रस्ता हाच पुढे महाराष्ट्रात उतरतो, त्यामुळे मालवाहू ट्रकांची रीघ असते, आणि सिमरोलनंतर भैरव घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळं ठप्प होतं. आम्ही पोहे-जिलबी घरीच उरकून अंधारात निघालो. घाट उजाडता उजाडता संपला. बडवाहच्या पुढे मोरटक्क्याच्या पुलावर गाडी हळू केली. आईंनी खिडकीची काच खाली केली, हात जोडले आणि "नर्मदे हर" म्हणाल्या. पुढे सनावद, पुनासा, मूंदी. पुनासाच्या बाजूला रस्त्यावरून धरणाच्या विजेच्या तारांचे मनोरे दिसायला लागतात. इथल्या वीजघराची क्षमता १००० मेगावॉट आहे. मुलांना ते सांगितलं तेव्हा धाकट्याने विचारलं, मग आपल्या घरातला पंखा या पाण्यावर चालतो का? त्याला हो म्हणून सांगितलं, आणि तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

पोचल्यावर पहिल्यांदा दिसतं ते पाण्याचं आकारमान. साठवणीच्या हिशेबात इंदिरा सागर हा देशातला सगळ्यात मोठा जलाशय, सुमारे १२.२२ अब्ज घनमीटर. आकडा वाचून काही कळत नाही. खोलीच्या ओट्यावर उभं राहिलं की पलीकडचा काठ शोधावा लागतो, तेव्हा कळतं. मधे मधे बेटं आहेत. ती एके काळच्या टेकड्यांची डोकी.

भाचा लगेच धक्क्यावर पळाला. मी त्याच्यामागून गेले, कारण लाइफ जॅकेट स्वतः तपासायचं हे मी घरून ठरवूनच निघाले होते. जॅकेट अंगात घातलं म्हणजे झालं असं बहुतेकांना वाटतं. धाकट्याला पहिलं दिलेलं जॅकेट मोठ्या माणसाचं होतं. त्याचे पट्टे आवळले, बक्कल लावली, मग दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं. जॅकेट सरळ त्याच्या कानापर्यंत आलं. पाण्यात पडला असता तर जॅकेट तरंगलं असतं आणि मूल खालून निसटलं असतं. त्यांच्याकडे लहान माप होतं, आम्ही फोनवर विचारलं होतं म्हणून बाजूला काढूनही ठेवलं होतं. आतल्या बाजूला किती वजनाच्या मुलासाठी ते लिहिलेलं असतं, ते वाचलं. पुन्हा उचलून पाहिलं, हनुवटीच्या खालीच राहिलं. एवढं करायला दोन-चार मिनिटं लागतात. धक्क्यावरच्या दादांनी ते मनावर घेतलं आणि आमच्यामागून आलेल्या कुटुंबाच्या मुलांनाही त्यांनी तसंच उचलून पाहिलं, हे मला फार आवडलं.

मग वेळेचा प्रश्न. नाव चालवणाऱ्या दादांनी पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "सुबह आओ, पानी सोया रहता है. दोपहर में हवा चलती है." सकाळी जमीन थंड असते, वारा पडलेला असतो, ऊन चढलं की जमीन तापते, वारा सुटतो आणि एवढ्या मोकळ्या पाण्यावर त्याला अडवणारं काही नसतं. म्हणून आम्ही दिवस पाण्याच्या वेळेने लावला. आईंची आणि लेकीची मोटरबोटीची फेरी सकाळी पहिली. जेट स्की नाश्त्यानंतर. पॅरासेलिंग वारा बेताचा असेल तेव्हाच, आणि ते लोक नको म्हणाले तर हट्ट करायचा नाही, हे भाच्याकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. एका सकाळी ते खरंच नको म्हणाले. दुसऱ्या सकाळी वारा योग्य होता, दोर हळूहळू सुटत गेला, पोरगं वर वर गेलं, आणि खाली नणंदबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

दुपार मात्र रिकामी ठेवली. पूर्ण रिकामी. सहलीचा बेत करताना आपल्याला दर तासाला काहीतरी भरायची सवय असते, पैसे वसूल व्हायला हवेत असं वाटतं. माझा आग्रह असा की विश्रांतीच्या सहलीत जेवल्यापासून चहापर्यंतचा वेळ कोणाच्याही नावे लिहू नये. नवरा ओट्यावरच्या खुर्चीत झोपला. नणंदबाई आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा कुठलंही काम हातात नसताना बोलत बसलो. मुलं पत्ते खेळली. जेवायला एका दुपारी निमाडातली, म्हणजे या खंडव्याकडच्या भागातली, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली. विचारल्यावर त्यांनी मुद्दाम करून दिली. यादीत नसलेलं विचारायला लाजू नये.

सकाळच्या फेरीबद्दल लिहायलाच हवं. जलाशयात बुडालेल्या झाडांचे वठलेले बुंधे अजून उभे आहेत. पाण्याबाहेर फक्त वरच्या फांद्या, करड्या, साल गेलेल्या. त्या प्रत्येक फांदीवर पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसलेले. पाण्याला लागून नदी सुरय उडत होते, आणि एका बेटाच्या कडेला चक्रवाकांची जोडी होती, तांबूस भगवी. लेकीने वहीत सगळं टिपून घेतलं. नाववाल्या दादांनी इंजिन बंद केलं. आईंनी काठावरून हात खाली सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. मग विचारलं, "भैया, हरसूद किधर पड़ेगा?" दादांनी पूर्वेकडे हात केला, बेटांच्याही पलीकडे. ते स्वतः बुडितात गेलेल्या गावचेच निघाले. हरसूद आणि जवळपास अडीचशे गावं या धरणाने बाधित झाली. त्यांच्या आजोबांची शेती त्यातच होती.

पुढचा अर्धा तास ते दोघं बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. हरसूदचा बाजार, स्टेशन, शाळेची घंटा. रेल्वेचा खंडवा–इटारसी मार्गसुद्धा या पाण्यामुळे वळवावा लागला, आणि विस्थापितांसाठी छनेरामध्ये नवं हरसूद वसवलं गेलं. १९८९ मध्ये हरसूदला धरणांविरुद्ध देशभरातले लोक जमले होते, ती सभा दादांच्या वडिलांनी पाहिली होती. भाचा पुण्यात वाढलेला, त्याला हे काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "आजी, मी जिथे जेट स्की चालवली तिथे खाली गाव आहे?" आई म्हणाल्या, "तिथे नसेल रे. पण कोणाचं तरी शेत असेल." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला वाटतं, अशा पाण्यावर मौज करायला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निदान एकदा नाववाल्याला विचारावं की तुमचं गाव कोणतं. तिथली बरीच माणसं आज याच पाण्यावर पोट भरतात, आणि विचारलं की सांगतात.

आईंना नर्मदास्नान करायचं होतं. दादांनी जलाशयात उतरायला साफ नकार दिला आणि ते बरोबर होतं. खाली बुंधे, काटेरी फांद्या, जुन्या विहिरी, अचानक तुटणारा उतार. पोहता येणाराही तिथे अडकू शकतो. धरणाच्या खालच्या अंगाला वेगळीच भीती असते: पाणी सोडलं की पातळी झपाट्याने चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठच्या धाराजीच्या यात्रेत असंच वरून सोडलेलं पाणी आलं आणि कितीतरी यात्रेकरू वाहून गेले. म्हणून स्नान परतताना ओंकारेश्वराच्या बांधलेल्या घाटावर, साखळी धरून, पाणी सोडण्याच्या भोंग्याकडे कान ठेवून करायचं ठरलं, आणि तसंच केलं.

निघायच्या आदल्या दिवशी सिंगाजींच्या समाधीला जाऊन आलो. संत सिंगाजी म्हणजे निमाडचे सोळाव्या शतकातले निर्गुणी संत, गवळी समाजातले. शेतकरी आजही गाय-म्हैस व्याली की त्यांच्या नावाने तूप काढून ठेवतात. समाधीची जागाही बुडितात येत होती, म्हणून तिच्याभोवती उंच बांधकाम करून ती राखली आहे. चहूबाजूंनी पाणी आणि मधे समाधी. हे ठिकाण बहुतेक पर्यटकांच्या बेतात नसतं आणि गाडीने फार लांबही नाही. दोन तास हाताशी ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर खोली आणि जेवण यापेक्षा पाण्यावरच्या खेळांनीच बजेट हलतं, कारण प्रत्येक फेरीचं तिकीट वेगळं आणि मुलांना "अजून एकदा" हवंच असतं. आम्ही प्रत्येक मुलाला पाण्यासाठी ठरावीक रक्कम हातात दिली. भाच्याने सगळी जेट स्की आणि पॅरासेलिंगवर उडवली, लेकीने मोटरबोटीच्या सकाळच्या फेऱ्यांवर, धाकट्याने अर्धी वाचवून बेकरीची बिस्किटं घेतली. भांडण झालं नाही. रोख रक्कम मात्र जवळ असू द्या; मोबाइलची रेंज पाण्याकाठी येते-जाते, आणि त्यावर पैसे अडकून पडले की धक्क्यावर सगळ्यांची पंचाईत होते.

परतताना दुपारी तीनच्या आत मोरटक्का ओलांडायचा, म्हणजे घाट दिवसाउजेडी चढून होतो. आता आईंना शरद पौर्णिमेच्या सिंगाजींच्या यात्रेला जायचं आहे. पावसाळा नुकताच संपलेला असतो, पाणी काठोकाठ असेल, पण यात्रेची गर्दीही तेवढीच. म्हणून यात्रा उलटून गेल्यावरच्या आठवड्यात खालच्या मजल्याची खोली मिळते का ते विचारून ठेवलं आहे. सप्टेंबर अखेरीला पाण्याची पातळी विचारायची, मगच पैसे भरायचे. नणंदबाईंनी पुण्याहून तेवढ्यात रजाही टाकली.